रिकाम्या गाडीचं माप

मी टायरॉड बोलतोय. बघा, लगेच तुमच्या कपाळावर आठी आली. कोण रॉड, कुठला रॉड? तुमचा दोष नाही. गाडीतल्या इंजिनाचं कौतुक सगळ्यांना असतं, हॉर्न लहान मुलांना आवडतो, दिव्यांना मालक फडक्याने पुसतो. मला बघायचं तर जमिनीला पाठ टेकून गाडीखाली सरकावं लागतं आणि ते कोणी हौसेने करत नाही. त्यामुळे माझ्या वाट्याला माणसांचे वैतागलेले चेहरेच आले, तेही उलटे.

तर ओळख करून देतो. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात, एवढं तुम्हाला माहीत आहे. पण स्टिअरिंगचं म्हणणं चाकांपर्यंत पोहोचवतं कोण? त्यासाठी खाली दोन लोखंडी रॉड असतात. आमच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून उजव्या चाकाकडे जाणारा माझा भाऊ आखूड, आणि डाव्या चाकाकडे जाणारा मी लांब, चांगला दोन हातांचा. भावाची लांबी कारखान्यातच कायमची ठरली. मला मात्र दोन्ही टोकांना आटे पाडले, एकीकडे उजवे आणि दुसरीकडे डावे. मला एका दिशेने पिळलं की मी लांबतो, उलट पिळलं की आखडतो. घरात एक भाऊ कुणाचंच ऐकत नसला की सगळी कामं दुसऱ्याच्या गळ्यात पडतात, तसंच झालं. चाकं वाकडी? पिळा याला.

आता चाकांची गंमत ऐका. उभ्या गाडीची पुढची दोन चाकं अगदी समांतर असून चालत नाही. त्यांनी किंचित आत, एकमेकांकडे बघायला हवं. मागच्या कडांपेक्षा पुढच्या कडा अर्धं सूत जवळ हव्यात. अर्धं सूत म्हणजे एखाद्या जाड पुठ्ठ्याएवढं अंतर. एवढं साधलं की गाडी रस्त्यावर नाकासमोर चालते. नाही साधलं की हातात ठरत नाही, कधी इकडे झुकते, कधी तिकडे, आणि टायर कडेने खरवडून निघतात. माझं सगळं आयुष्य त्या अर्ध्या सुतापायी गेलं.

माझे पहिले मालक एक डॉक्टर होते. ते घाईचे, पण गाडीच्या बाबतीत शहाणे, म्हणजे स्वतः काही करायला जात नसत. वर्षातून एकदा ते गाडी एका मिस्त्रीकडे न्यायचे. या मिस्त्रीचे हात म्हणजे काय सांगू! मला जागी घट्ट आवळून धरणारे माझे दोन्ही चेकनट तो असे सोडायचा की मला कळायचंसुद्धा नाही. पण माप घेण्याआधी तो एक काम हमखास करायचा. डॉक्टरांना म्हणायचा, "साहेब, जरा आत बसा." आणि कंपाउंडरला म्हणायचा, "तुम्ही साहेबांच्या शेजारी बसा." दोघं आत बसले की तो बंपर दोनदा दाबायचा, गाडी चार पावलं पुढे ढकलायचा आणि मगच खडू हातात घ्यायचा.

का, ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. मुळात तो बोलायचाच कमी. मी सांगतो. माणसं आत बसली की पुढच्या स्प्रिंगा दबतात आणि गाडी दोन बोटं खाली येते. तशी ती आली की माझा तिरपेपणा बदलतो आणि माझ्याबरोबर चाकांची नजरही बदलते. रिकाम्या गाडीचं माप फक्त रिकाम्या गाडीलाच लागू. आणि रिकामी गाडी जाते कुठे? एवढी साधी गोष्ट आहे. पण मला तोंड नाही, आणि ज्यांना आहे ते विचारत नाहीत.

डॉक्टरांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी गाडी त्यांच्या टेलरला दिली. हा टेलर फक्त कोट शिवायचा. शर्ट नाही, पँट नाही, फक्त कोट. म्हणून सगळा रस्ता त्यांना कोटवाले काका म्हणायचा. त्यांची बायको दुकानाच्या मागच्या दाराशी उजेडात बसून काजं करायची, बटणं लावायची. त्या काजवाल्या काकू. मागचं दार उघडलं की छोटं अंगण, आणि अंगणात पत्र्याखाली आम्ही. दुकानात काय बोलणं चाललंय ते मला स्पष्ट ऐकू यायचं.

गाडीबरोबर मिस्त्रीही काकांच्या वाट्याला आला. वर्षातून एकदा तेच. "वहिनी, उभ्या कशाला राहता? आत बसा. मालक, तुम्हीही बसा." मग वर दोघांच्या गप्पा आणि खाली मिस्त्रीचा पाना, अशी आमची बैठक जमायची. काकूंची जागा माझ्या अगदी वरच. त्या बसल्या की डावी स्प्रिंग ओळखीचा एक सुस्कारा टाकायची. सकाळी तयार कोट पोहोचवायला निघताना आधी उजवं दार वाजायचं, मग डावं. त्या दोन आवाजांवर माझा दिवस सुरू व्हायचा. कित्येक वर्षं हे असंच सुरळीत चाललं होतं.

मग मिस्त्रीचे हात थरथरायला लागले. त्याने गॅरेज बंद केलं आणि तो लांब, मुलीकडे राहायला गेला. गाडी तरी सरळ चालत होती, कारण त्याने शेवटचं लावून दिलेलं माप पक्कं होतं. ते मोडलं काकांनी. तेही कसं, ते ऐकाच.

आम्ही एका सकाळी चौकात डावीकडे वळत होतो. फुटपाथवरून एक गृहस्थ चालले होते आणि त्यांच्या अंगात कोट होता. झालं. काकांची मान तिकडे वळली ती वळलीच.

"अहो, समोर बघा!" काकू ओरडल्या.

"अगं, ती कॉलर बघ. मानेपासून दोन बोटं सुटलीये. कोणी शिवला असेल हा…"

एवढ्यात डावं चाक धाडकन फुटपाथच्या कडेवर चढलं आणि खाली आदळलं. सगळा धक्का माझ्या अंगावर. कंबरेत उसण भरावी तशी कळ गेली आणि मला कायमचा बाक आला, किंचितच. एका अनोळखी माणसाच्या कॉलरपायी मी अधू झालो, आणि काका खाली उतरून आधी मागच्या सीटवरचे कोट चुरगळले का ते बघत होते!

त्या दिवसापासून गाडी भटकायला लागली. काका म्हणायचे, रस्ते खराब आहेत. काकू म्हणायच्या, चाक दाखवून घ्या. असे तीन महिने गेले, डाव्या टायरची कड खरवडून गेली, आणि गाडीच्या तपासणीची तारीख आली.

जुन्या गाड्यांची अशी तपासणी ठराविक काळाने होतेच. दिवे, ब्रेक, धूर आणि शेवटी तो सरकता पत्रा. जमिनीत बसवलेल्या त्या पत्र्यावरून पुढची चाकं हळूच न्यायची. चाकं सरळ असली तर पत्रा जागचा हलत नाही, वाकडी असली तर बाजूला सरकतो. आमचा पत्रा असा सरकला की काटा लाल पट्टीत जाऊन टेकला.

तपासणीचे साहेब वाकले. त्यांनी टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. "काका, हे डावं टायर एवढं कसं खाल्लं गेलं?"

आता सरळ सांगायचं ना, की कॉलर बघत होतो! पण मागे दहा-बारा गाड्यांची रांग होती, माणसं खाली उतरून उभी होती. काका हसले आणि काकूंकडे हात करून म्हणाले, "साहेब, डाव्या बाजूला इतकी वर्षं ही बसतेय. सगळं वजन त्याच बाजूला. गाडी बिचारी काय करणार?"

रांग खो खो हसली. साहेबही हसले.

काकूंनी दार उघडलं, खाली उतरल्या, दार हळूच लावलं आणि बसथांब्याकडे चालायला लागल्या. पाच पावलं गेल्यावर मागे वळून एवढंच म्हणाल्या, "आता हलकी झाली ना? न्या घरी."

साहेबांनी कागदावर शिक्का मारला. नापास. एका महिन्याची मुदत. पुन्हा नापास झाली तर गाडीचा नंबर कायमचा रद्द, म्हणजे पुढचा मुक्काम भंगारात. काका सबंध वाट स्टिअरिंग घट्ट धरून आले. गाडी तरी भटकतच होती.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन एका नव्या गॅरेजमध्ये गेले. तिथे पडद्यावर रंगीत आकडे उमटवणारं यंत्र होतं. गॅरेजवाल्याने बटणं दाबली, यादी वरखाली केली आणि हात झटकले. "काका, या यंत्रात तुमची गाडीच नाही. हिचे आकडे कोणी भरलेच नाहीत. हिला आता आराम द्या की."

"आराम तुम्ही घ्या," काका म्हणाले आणि गाडी मागे घेतली. त्यांना राग आला की ते फार सभ्य बोलतात.

आणि तिथून माझे हाल सुरू झाले. काकांनी ठरवलं की हे काम आपणच करायचं. आयुष्यभर मापं घेतली, अर्धं सूत म्हणजे आपल्या हातचा मळ! त्यांनी लाकडाच्या लांब पट्टीला दोन उभ्या फूटपट्ट्या ठोकून चाकांमधलं अंतर मोजायचं साधन बनवलं. टायरवर खुणा करायला कापडावरचा खडू घेतला. ते साधन खरोखर सुरेख होतं, हे मी कबूल करतो. अक्कलही होती, हातही होता. फक्त गाडी रिकामी होती.

संध्याकाळी दुकान आवरलं की काका जुना कोट अंथरून गाडीखाली यायचे. माझे चेकनट गंजले होते. त्यांनी आधी तेल सोडलं, मग हातोडी मारली, मग पाना लावून मला पिळलं. बाहेर जाऊन मोजलं. परत आले, परत पिळलं. पाऊण फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे. शेवटी माप बरोबर अर्धं सूत आलं की ते खूश होऊन शीळ घालायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवं दार वाजायचं. डावं वाजायचं नाही. काका एकटेच कोट पोहोचवायला निघायचे आणि चौकापर्यंत जाता जाता त्यांची शीळ बंद व्हायची. गाडी जशीच्या तशी भटकत होती.

संध्याकाळी पुन्हा पाठ जमिनीला, पुन्हा पाना. पान्याच्या दातांनी माझी कातडी सोलून निघाली. आटे घासून सैल व्हायला लागले. माणसाचे कान पिळले तर तो निदान 'आई गं' म्हणतो, मी काय म्हणणार? मी मनातल्या मनात ओरडत होतो, 'काका, अहो आत कुणालातरी बसवा! त्या समोर काजं करतायत ना, त्यांना बसवा!' पण ऐकतंय कोण.

कधी कधी मला वाटायचं की काकांना उत्तर नकोच आहे. गाडीखाली असलं की दुकानात काकूंच्या समोर बसावं लागत नाही. घरात आता कामापुरतंच बोलणं होतं. "चहा ठेवलाय." "हं." "दार लावून घ्या." "हं." एकदा काकांनी खालून विचारलं, "अगं, खडू बघितलास का?" तर काकू म्हणाल्या, "डाव्या बाजूला बघा, सगळं वजन तिकडेच असतं." काकांनी खडूचा नाद सोडला आणि पुन्हा पाना उचलला. मला त्यांचा राग येत होता आणि त्याच वेळी कीवही येत होती. एक माफी मागण्याऐवजी हा माणूस रोज एक लोखंडाचा रॉड पिळत होता.

असे अठरा दिवस गेले. मुदतीचे बारा उरले.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी एक वकीलसाहेब कोटाच्या ट्रायलला आले. मागचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. वकीलसाहेब घाईत होते.

"काका, मला थांबायला वेळ नाही. हँगरवर टांगलाय ना, तिथेच बघून घ्या. तुमचं माप कधी चुकलंय का?"

काकांना हे असलं बोलणं सहन होत नाही. "वकीलसाहेब, हँगरवर कुठलाही कोट छान बसतो. हँगर श्वास घेत नाही, वाकत नाही, जेवून येत नाही. आत माणूस घाला, मग कोट काय ते खरं बोलतो. या, हात घाला."

वकीलसाहेबांनी निमूटपणे हात घातले. आणि मागच्या दाराशी काकूंची सुई थांबली. ती बराच वेळ थांबली, कारण नेहमीची दोऱ्याची सरसर मला ऐकूच येईना. मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो. मुठी नाहीत, पण तुम्ही समजून घ्या.

संध्याकाळी काका नेहमीसारखे गाडीखाली आले. त्यांनी पाना लावला तेवढ्यात काकूंच्या चपला माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो."

"हं."

"हँगरवर कुठलाही कोट छान बसतो ना?"

"मग?"

"मग ही गाडी इतके दिवस हँगरवर कशाला मापताय?"

पाना काकांच्या छातीवर पडला. तो तिथेच राहिला.

काकू पुढे म्हणाल्या, "मिस्त्री दरवेळी मला आत बसवायचा. तुम्हालाही बसवायचा. आठवतंय?"

"अगं, ते आपलं… तू उन्हात उभी राहू नयेस म्हणून. चांगला माणूस होता."

"त्याच्या गॅरेजला छप्पर होतं. तिथे कसलं ऊन?"

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला आटे नसते तर मी उडी मारली असती! जी गोष्ट मी अठरा दिवस बोंबलून सांगत होतो, ती या बाईने एका कोटावरून ओळखली. इतकी वर्षं काका मिस्त्रीचं काम पाहुणचार समजत आले. स्वतःच्या धंद्यात ज्यांनी एकही कोट कधी रिकामा मापला नाही, त्यांना गाडीच्या वेळी हे सुचू नये?

काका सरपटत बाहेर आले. केसांना ग्रीस लागलेलं. "तू बसशील?" त्यांनी विचारलं.

"गाडीसाठी बसते. गाडीने माझं काही वाईट केलेलं नाही."

किती तरी दिवसांनी डावं दार वाजलं. स्प्रिंगने तो ओळखीचा सुस्कारा टाकला आणि मी दोन बोटं खाली, माझ्या खऱ्या जागी आलो. पण अडचण अशी की मापायला काका बाहेर हवेत आणि वजनाला आतही हवेत.

"तुमच्या जागी कापडाचे तागे ठेवा," काकू आतून म्हणाल्या.

काकांनी सुटाच्या कापडाचे तागे आणून उजव्या सीटवर रचले. मग दुकानातल्या दोन जुन्या लोखंडी इस्त्र्या आणून ठेवल्या. "झालं."

काकूंनी शेजारच्या ढिगाकडे बघितलं. "अजून एक तागा."

"अगं, मी एवढा नाहीये."

"अजून एक. लोकांची पोटं मापता, स्वतःचं कधी मापलंय?"

काकांनी तागा आणला.

"अजून एक."

काकांनी तोही आणला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं की नाही ते मला खालून दिसलं नाही, पण पावलं हलकी वाजत होती. मग गाडी चार पावलं पुढे न्यायची होती, म्हणजे स्प्रिंगा नीट बसल्या असत्या. काकांनी मागून जोर लावला. त्यांना दम लागला, पाय घसरले, गाडी जेमतेम इंचभर हलली.

"जड झाली का?" आतून आवाज आला.

"नाही गं," काका धापा टाकत म्हणाले. "हलकी आहे. अगदी हलकी."

शेवटी कशीबशी चार पावलं पुढे नेऊन त्यांनी मोजलं. काल रात्री बरोबर अर्धं सूत असलेलं माप आज दीड सुताच्या पुढे गेलं होतं. काका खाली आले आणि मला पिळलं, पण या वेळी वेगळ्या हाताने, सावकाश. सव्वा फेरा. बाहेर जाऊन गाडी पुन्हा पुढे ढकलली, पुन्हा मोजलं, पुन्हा किंचित पिळलं. अर्धं सूत. चेकनट आवळले. आत बसल्या बसल्या काकूंनी एका कोटाची चार काजं पूर्ण केली होती.

मला वाटलं, आता काका माफी मागतील. नाही मागितली! "उतर आता, झालं," एवढंच म्हणाले. काकूही "हं" म्हणून उतरल्या. इतकी चांगली संधी समोर असताना ही माणसं गप्प कशी बसतात, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

तपासणीचा दिवस उजाडला. उजवं दार वाजलं. मी कान देऊन थांबलो. डावंही वाजलं.

"तू येतेस?"

"माझ्यावर मापलीये गाडी. मी नाही तर काय तागे नेणार आहात?"

तेच आवार, तशीच लांब रांग, तेच साहेब. त्यांना काका-काकू बरोबर आठवत होते. दिवे झाले, ब्रेक झाले, धूर झाला. सरकत्या पत्र्यापाशी आल्यावर साहेब खिडकीशी वाकले आणि हसून म्हणाले, "काकू, तुम्ही उतरा बरं. मागच्या वेळी काकांनी सांगितलंय, वजनाचं कारण आहे म्हणून. उगाच पुन्हा नापास व्हायला नको."

मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले. माझ्या जिवाचा संताप झाला. सगळी मेहनत, सगळं पिळणं त्या एका उतरण्याने फुकट जाणार होतं. काकूंचा हात दाराच्या कडीवर गेला. कडीचा खटका मला ऐकू आला.

"थांब," काका म्हणाले. मग त्यांनी इंजिन बंद केलं, दार उघडून बाहेर आले आणि उभे राहिले. आवाज चढवला नाही, पण तो रांगेच्या शेवटपर्यंत गेला असणार.

"साहेब, मागच्या वेळी मी खोटं बोललो. एका माणसाच्या कोटाची कॉलर बघत होतो आणि चाक फुटपाथवर घातलं. ही ओरडली होती, समोर बघा म्हणून. दोष माझा होता. आणि आज ही उतरणार नाही. ही बसल्याशिवाय माझी गाडी सरळ जात नाही."

कोणी हसलं नाही. साहेब बाजूला झाले. "न्या."

काका बसले. उजवी स्प्रिंग दबली, डावी दबलेलीच होती. गाडी हळूच पत्र्यावर चढली. पत्रा थरथरला, केसभर सरकला आणि थांबला. काटा हिरव्या पट्टीतून हलला नाही.

मला वाटलं, आता तरी कोणीतरी खाली वाकून माझी पाठ थोपटेल. साहेब खरंच वाकले. बॅटरीचा झोत माझ्या अंगावर फिरवला आणि म्हणाले, "गाडी पास. पण हा रॉड बदला. याला बाक आलाय, आटेही गेलेत. पुढच्या वेळी दिसला तर पास करणार नाही."

असं असतं. बाक कुणामुळे आला, आटे कुणी घालवले, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. आठवड्याभरात लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याने माझ्या मापाचा चकचकीत नवा रॉड करून दिला. काकांनी मला काढलं, त्याला बसवलं, आणि काकू आत बसल्यावरच माप घेतलं. एवढं मात्र ते शिकले. मी अंगणातल्या भंगाराच्या पेटीत पडून होतो. दोन दिवसांनी काकूंनी मला उचललं, फडक्याने ग्रीस पुसलं आणि दुकानात नेलं.

"ट्रायलचे कोट तुम्ही दाराच्या खिळ्याला अडकवता. हा लावा इथे, दोन हुकांवर."

तेव्हापासून मी दुकानाच्या कोपऱ्यात आडवा आहे. माझ्यावर तीन-चार कोट टांगलेले असतात. बाकामुळे ते घसरत मधोमध येऊन एकमेकांना चिकटतात, आणि काका रोज चिडून ते वेगळे करतात. करा म्हणावं. थोडं त्यांनाही भोगू दे.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं काही वाकडं चालत असेल तर दिसेल त्याला पिळत बसू नका. आधी बघा, नेहमी आत बसणारं माणूस आज बसलंय का. आम्हाला पिळून घ्यायची सवय आहे, पण आटे शेवटी लोखंडाचेच असतात, तेही झिजतात.

रोज सकाळी काका तयार कोट माझ्यावरून काढतात आणि मागच्या दाराने अंगणात जातात. मग मी हलका होऊन, रिकामा, कान देऊन थांबतो. उजवं दार वाजतं. क्षणभर काहीच ऐकू येत नाही आणि मला उगाच धस्स होतं. मग डावंही वाजतं.